हसण्याचं कारण

गंगाखेडजवळच्या उसाच्या फडात मैथिलीताईंनी सिनेमा काढला, तेव्हा राणीला कॅमेऱ्यापुढं उभं केलं ते ती खरोखरच ऊस तोडत होती म्हणून. मैथिलीताई परभणीच्या, प्राध्यापकांच्या घरातल्या. त्यांना पुण्या-मुंबईची नटी नकोच होती. खाली इंग्रजी अक्षरं लावून तो मराठी सिनेमा परदेशातल्या महोत्सवांत फिरला आणि दोन ठिकाणी राणीला बक्षीस मिळालं. त्यानंतरही दोन हंगाम ती कोयता घेऊन गेलीच. पण टोळीतल्या बाया तिला हिरॉइन म्हणायच्या, आणि तिला ते आवडायचं.

तिसऱ्या वर्षी मैथिलीताई पेढे घेऊन दारात आल्या.

“राणी, हॉलिवुडवाले आपला सिनेमा पुन्हा काढायलेत. इंग्रजीत.”

“माझं काम कोण करणार?”

मैथिलीताईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. क्लेअर नावाची नटी. वयानं राणीहून मोठी, दिसायला दहा वर्षांनी लहान.

“आपल्यात काय कमी हाय मग?”

“कमी काही नाही गं. तिकडच्या लोकांना पिक्चर बघताना खालचं वाचायचा कंटाळा येतो.”

“नका वाचू म्हणावं. माझं तोंड तर दिसतंय की.”

मैथिलीताई हसल्या. राणीनं पेढा हातातच धरून ठेवला.

जानेवारीत क्लेअर तीन दिवसांसाठी आली, काम शिकायला. ती शिष्ट निघावी असं राणीला फार वाटत होतं. पण बाई जमिनीवर मांडी घालून बसली, ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं तरी भाकर संपवून उठली. दुसऱ्या दिवशी टोळीतल्या सगळ्या बाया तिच्याभोवती. राणीला कुणी हिरॉइन म्हटलं नाही. क्लेअर दिवसभर राणीच्या मागं असायची, बघत. राणीचा उजवा पाय चालताना जरा बाहेर पडतो, हे राणीला स्वतःलाही माहीत नव्हतं. ते तिला क्लेअरच्या चालण्यात दिसलं.

“आगं, मागून बघितलं तर मला वाटलं तूच जायलीस,” नवरा, सुग्रीव, कौतुकानं म्हणाला.

त्या दिवशी राणी त्याच्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी क्लेअरनं एकच प्रश्न विचारला. मैथिलीताईंनी तो मराठीत सांगितला. सिनेमात राणीनं रंगवलेल्या बाईला फडातच बाप गेल्याचा फोन येतो. ती ऐकते आणि हसते. त्या वेळी राणीच्या मनात काय होतं?

कागदावर तिथं रडणं लिहिलेलं होतं. हसू राणीचं होतं. बारा वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या फडात तिचा स्वतःचा बाप गेल्याचा निरोप आला, तेव्हा ती अशीच हसली होती. बाया तिच्याकडं बघतच राहिल्या होत्या. आपण का हसलो, हे तिला कधीच समजलं नाही. लाजेनं ती कुणाजवळ बोलली नाही, सुग्रीवजवळसुद्धा नाही. कॅमेऱ्यापुढं ते आपसूक बाहेर पडलं, आणि मैथिलीताईंना तो अभिनय वाटला.

चाल गेली, बाया गेल्या. आता हेही हिलाच द्यायचं?

“सांगा तिला,” राणी म्हणाली, “समोर कुत्र्यानं मुकादमाची टोपी पळवली, म्हणून हसले.”

“कुत्रं? शूटिंगला कुठं कुत्रं होतं?”

“तुमचं ध्यान न्हवतं, ताई.”

क्लेअरनं ते वहीत उतरवून घेतलं आणि राणीचे दोन्ही हात हातात धरले. पुढचे आठ दिवस राणी खुशीत होती.

पुढच्या वर्षी सिनेमा आला. एका रविवारी दुपारी दोघांनी तो सुग्रीवच्या मोबाइलवर हिंदी आवाजात पाहिला. उसाच्या जागी सफरचंदाची बाग होती. क्लेअरला फोन आला. ती ऐकत होती, तेवढ्यात एका कुत्र्यानं बागेच्या साहेबाची टोपी तोंडात धरून धूम ठोकली. साहेब मागं पळाला. क्लेअरला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिचा चेहरा असा कोसळला की राणी मोबाइलवर वाकली. चांगलं केलं होतं. फारच चांगलं.

“लय भारी,” सुग्रीव म्हणाला. “हिचं हसू कळतंय बघ. तुझं कळत न्हवतं.”

“मला तरी कुठं कळलं होतं?” राणी एकदम म्हणाली. मग तिनं त्याला कर्नाटकातला तो दिवस सांगितला, सगळा. सुग्रीवनं मोबाइल पालथा ठेवला.

“मी पलीकडच्याच सरीत होतो त्या दिवशी,” तो म्हणाला. “मला वाटलं तू रडायलीस.”

संध्याकाळी मैथिलीताईंचा फोन आला. “राणी, तिकडं सगळे त्या कुत्र्याबद्दल लिहायलेत. आपल्या सिनेमापेक्षा तो सीन चांगला झालाय म्हणे.”

त्यांच्या आवाजातही काहीतरी दुखावलेलं होतं. राणीला ते ऐकून बरं वाटलं.

“ताई, कुत्रं न्हवतंच,” ती म्हणाली, आणि खरं ते सांगून टाकलं.

मैथिलीताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

“क्लेअरला कळवू का?”

“नको. कळलं तर आणखी एकदा काढतील.”

मैथिलीताई पोट धरून हसल्या. या वेळी राणीही हसली.

पण फोन ठेवल्यावर तिनं तो सीन परत लावला. एकदा, दोनदा, चार वेळा. क्लेअरच्या डोळ्यांत, ओठांत तिला काहीच खोट सापडेना. पाचव्या वेळी सापडली. फोन वाजला तशी क्लेअरनं गळ्यात अडकवलेली, सफरचंदं तोडून भरायची पिशवी काढून खाली ठेवली होती, सावकाश, साहेब समोर उभा असताना.

“अवो, इकडं या,” तिनं सुग्रीवला हाक मारली. “हे बघा. मुकादम समोर असताना असं काम खाली कुणी ठेवतं का?”