अरुंधतीची बदली

माझा भाऊ सत्यजीत माइक हातात घेऊन उभा राहिला की समोरची माणसं घाम पुसायला लागतात. ‘तारायान’मधल्या कप्तानाच्या डगल्याला किती बटणं होती, एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. त्यातलं तुटलेलं कुठलं आणि पुढे कोणत्या भागात ते भलत्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं दिसलं, इथपर्यंत तो जातो. मालिका कृष्णधवल होती, मग रंग कसा कळला, असं विचारायची कुणाची छाती होत नाही.

‘तारायान’ आमच्या लहानपणी रविवारी सकाळी लागायचं. पुठ्ठ्याचं यान, ताऱ्यांच्या जागी काळ्या पडद्याला पाडलेली भोकं, आणि रोबोच्या डोक्याला चक्क दुधाची किटली. किटलीची कडी एका भागात काढायची राहून गेली होती, ती आम्ही शाळेत आठवडाभर चघळली. तरीही आम्ही सगळे त्या यानात बसून फिरून आलेलो आहोत, आणि आता पन्नाशीला टेकलो तरी पुरते उतरलेलो नाही. आम्हा पनवेलकरांना तर त्याचं जास्तच कौतुक, कारण मालिकेतला पांढरा ग्रह म्हणजे उरणच्या बाजूचं एक मिठागर होतं. ते ज्यांचं, त्या घरातला भगवान आमच्या तारायानप्रेमींच्या मंडळात आहे. आता मिठागर गेलं आणि भगवान बिल्डर झाला, पण अजून तो स्वतःची ओळख करून देताना आधी ग्रहाचा मालक म्हणून करून देतो.

वर्षातून एकदा सुकापूरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तारायानची प्रश्नमंजूषा होते. प्रश्न दादा काढतो आणि बहुतेक वेळा मी जिंकते. त्यात लबाडी काही नाही. दादा मला एक अक्षर सांगत नाही. उलट महिनाभर माझ्याशी हवापाण्याचंसुद्धा बोलायचं टाळतो. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? कामोठ्याचे विश्वजीत म्हणून एक गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. माणूस सज्जन, पण पावतीवरचा स्वल्पविरामही तपासून घेणारा. यंदा त्यांनी सभेत हसत हसत म्हटलं की भावाने विचारायचं आणि बहिणीने सांगायचं, ही पद्धत घरगुती झाली. माझा पारा चढला. मी तिथल्या तिथे उठून सांगितलं की यंदा प्रश्न मितालीने काढावेत, पाकिटात बंद करून द्यावेत, दादाने फक्त वाचावेत. मिताली म्हणजे दादाची मुलगी. ती आमच्या मानाने तरुण, मालिका तिने इंटरनेटवर सापडले तेवढे तुकडे जोडून पाहिलेली.

दादाला हे मुळीच पटलं नाही. इतकी वर्षं चाललंय तसं चालू दे, उगाच नवीन काही नको, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मला वाटलं, मान दुखावला. मी त्यालाही दोन शब्द सुनावले.

आता घरातली एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा आम्ही जुन्या पनवेलमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो. सार्वजनिक नळ खाली बोळात. त्याला पाणी रविवारी नेमकं तारायान रंगात आलं की यायचं. आईच्या हिशेबात मुलगी असल्यामुळे हंडा माझ्या कमरेवर, आणि चौदा वर्षांचा घोडा टीव्हीसमोर मांडी घालून. ह्याचा राग मला अजून येतो, आणि तो का येऊ नये, हे मला कुणी समजावू नये. दादा मात्र एक करायचा. भाग संपला की धावत खाली यायचा, भरलेला हंडा खांद्यावर घ्यायचा आणि जिना चढता चढता मला शेवट सांगायचा. दार येईपर्यंत गोष्ट पुरी व्हायची. म्हणजे तारायानची सुरुवात मी डोळ्यांनी पाहिली आणि शेवट दादाच्या तोंडून ऐकले. मंडळात हे कुणाला ठाऊक नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. मला ते शेवट न पाहिल्यासारखे कधी वाटलेच नाहीत.

त्यात पांढऱ्या ग्रहाचा भाग माझा सगळ्यांत लाडका. यानाचा पंख दुरुस्त करायला दुय्यम वैमानिक अरुंधती बाहेर पडते. वादळ सुटतं. आतली हवा संपत आलेली. दार उघडलं तर उरलीसुरली हवा जाईल आणि सगळेच जातील. कप्तानाचा हात दांड्यावर. बाहेरून अरुंधती दारावर थाप मारते, आणि तेवढ्यात आई ओरडली, पद्मा, पाणी आलं. इतका हळू हंडा जन्मात कधी भरला नव्हता. दादा जिन्यात दिसला तशी मी खालूनच विचारलं, आणि त्याने सांगितलं, उघडलं. कप्तान म्हणाला, गेले नियम खड्ड्यात. मग सगळ्यांनी एका नळकांड्यातली हवा पाळीपाळीने घेतली. आनंदाने माझ्याकडून कळशी कलंडली, आईचे बोल खाल्ले.

पुढच्या रविवारी अरुंधती यानात नव्हती. मी विचारलं, तर दादा म्हणाला, तिची बदली झाली. आमचे बाबा पाटबंधारे खात्यात. अलिबागहून पनवेलला आम्ही बदलीनेच आलो होतो. ओळखीची माणसं एका सकाळी सामान बांधून निघून जातात, ह्यात मला काही नवल नव्हतं. मंगळावर गेली, बढती मिळाली, असंही दादाने सांगितलं. मला तिचा अभिमान वाटला. कप्तानाच्या दंडाला काळी फीत होती, ती कसली म्हटलं, तर लस टोचली आहे, दंड सुजलाय. तेही मी घेतलं. दहा वर्षांच्या मुलीला बदली आणि लस, दोन्ही पटतं.

मोठेपणी मंडळात मी ह्या भागाविषयी कधी बोलले नाही. तो माझा खाजगी होता. कारण सव्विसाव्या वर्षी मी सासर सोडून आले. तिथे काय झालं ते उगाळत बसत नाही. दोन वर्षांत मी अर्धी झाले होते, एवढं पुरे. एका दुपारी बॅग घेऊन नवीन पनवेलला दादाच्या भाड्याच्या खोलीसमोर उभी राहिले. दादाचं नुकतंच लग्न झालेलं, एक खोली आणि स्वयंपाकघर. घरातल्यांचं मत काय असणार, हे मला माहीत होतं. तरीही घंटी वाजवताना मला भीती वाटली नाही. बाहेर अडकलेलं माणूस थाप मारतं आणि दार उघडतं, हे मी दहाव्या वर्षापासून धरून चालले होते. दार उघडलं. दादाने बॅग घेतली आणि रुचिरावहिनीला भात टाकायला सांगितलं. पुढे मी बी.एड. केलं, शाळेत लागले, आणि त्यांच्याच सोसायटीत स्वतःचं घर घेतलं. आयुष्यातलं एकुलतं एक धाडस मी तारायानच्या त्या दाराच्या भरवशावर केलं. तेव्हा तो शेवट माझ्यासाठी प्रश्नमंजूषेतला प्रश्न नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. विश्वजीत आणि मी बरोबरीत. दादाने शेवटचं पाकीट फोडलं, चिठ्ठी वाचली, आणि परत तिची घडी घातली. मितालीने मागून खुणावलं. मग त्याने कसाबसा प्रश्न वाचला. पांढऱ्या ग्रहावर अरुंधतीने दारावर थाप मारल्यानंतर कप्तानाने काय केलं?

मी हात वर केला आणि सगळं सांगितलं. नियम खड्ड्यात, एक नळकांडं, पाळीपाळीने हवा. हॉलमध्ये कुजबुज झाली. दादा चिठ्ठीकडे बघत राहिला. बरोबर म्हणेना, चूक म्हणेना. विश्वजीत उठून अगदी मऊ आवाजात म्हणाले की ताई, तुमची काहीतरी गल्लत होतेय, दार उघडलं नव्हतं. मी म्हटलं, गल्लत तुमची. इतक्या वर्षांनी माणसाला बरंच काही आठवतं, जे झालेलंच नसतं.

मिताली पुढे आली. त्या भागाची कुणीतरी घरच्या व्हीसीआरवर उतरवून ठेवलेली फीत तिला ह्याच महिन्यात मिळाली होती, आणि आम्हा सगळ्यांना चकित करायचं म्हणून तिने ती कुणाला, अगदी बापालाही, दाखवली नव्हती. आत्याचा लाडका भाग तिला कुठून ठाऊक असणार? तिने पडदा सोडला आणि शेवटची दहा मिनिटं लावली.

चित्र थरथरत होतं. कप्तानाचा हात दांड्यावर. थाप पडत होती. मग कप्तानाने हात मागे घेतला, खुर्चीत बसला आणि यान उडवलं. वरून घेतलेलं दृश्य आलं, सगळीकडे पांढरंफेक, आणि मध्ये अरुंधती उभी. ती हातसुद्धा हलवत नव्हती. ती लहान होत होत ठिपका झाली आणि नावं सुरू झाली.

मी खुर्ची घट्ट धरून बसले होते. शेवटी भगवानलाच राहवलं नाही. तो मागून म्हणाला, “ती बाई नाय मेली. शूटिंग झाल्यावर आमच्या घरी जेवली ती, तांदळाची भाकरी नि सुकट. मी बघितली हाय.” लोक हसले. भगवानला मला धीर द्यायचा होता, हे मला कळलं. मला हसता आलं नाही.

विश्वजीत जिंकले. बक्षीस घेताना बिचारे माझ्याकडे बघतच नव्हते. चहा झाला, लोक पांगले, मितालीला मी काही झालं नाही म्हणून वर पाठवलं. हॉलमध्ये दादा आणि मी उरलो. खुर्च्या एकात एक रचून भिंतीला लावायच्या, हे काम दर वर्षी आम्हा दोघांकडेच असतं. तो एका टोकाने लागला, मी दुसऱ्या.

तेव्हा मला उलगडा झाला. इतक्या वर्षांत दादाने एकाही भागाच्या शेवटावर कधी प्रश्न विचारला नव्हता. बटणं विचारली, किटलीची कडी विचारली, पण शेवटची दहा मिनिटं कधीच नाहीत. कुणी अरुंधतीचं नाव काढलं की तो हमखास रोबोवर घसरायचा.

मी त्याला विचारलं, खोटं का सांगितलंस. तो म्हणाला की तू खालून ओरडलीसच तशी, उघडलं ना रे दार, म्हणून. मग काय सांगणार? आणि नंतर, म्हटलं, नंतर इतकी वर्षं?

“नंतर तिची बदली झाली होती,” तो ओशाळून म्हणाला.

मला हसू आलं, पण मी ते गिळलं, कारण मला भांडायचं होतं. त्याला सांगितलं, बॅग घेऊन आले ती त्या दाराच्या भरवशावर. तू मला सांगितलंस म्हणून आले. आणि ते दार मुळात उघडलंच नव्हतं. तू तुझं दार उघडलं नसतंस तर मी काय केलं असतं, हा विचार तेव्हा माझ्या मनात आलाच नाही. आज येतोय, आणि भीती वाटतेय.

दादा हातातली खुर्ची धरून तसाच उभा राहिला.

“बाबांचा फोन आदल्या दिवशीच आला होता,” तो म्हणाला. “आली तर समजूत घालून परत पाठव. आईचंही तेच. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं, पद्मा. एक खोली, नवं लग्न, कच्ची नोकरी. घंटी वाजली तेव्हा उठलो, पण काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.”

मी माझ्या हातातली खुर्ची खाली ठेवली.

“तू तो भाग ऐकलेला होतास,” तो म्हणाला. “मी बघितलेला होता. ती कशी ठिपका होत जाते, ते बघितलेलं होतं. माझ्याच्याने ते पुन्हा बघवलं नसतं.”

मला रडू आलं. ते मी पुसलंही नाही. माझ्या भावाची मला इतकी माया आली की काय बोलावं ते सुचेना, आणि आमच्या घरात असलं तोंडाने बोलायची सवयही कुणाला नाही. मी पुढे होऊन त्याच्या हातातली खुर्ची घेतली आणि म्हटलं, तू बस, उरलेल्या मी लावते. तो काही बसला नाही. मग आम्ही दोघांनी मिळूनच त्या लावल्या.