वीत आणि चार बोटं

"छत्तीस गाठी!" सातवीतली खुशी ओला दोर वर ओढत ओरडली आणि विहिरीच्या कठड्याला लोंबकळलेली सगळी पोरं तिच्यामागून ओरडली, "छत्तीस!"

"आता माझा टेप," आभा म्हणाली. विद्यापीठातून आलेल्या या मुलीने पिशवीतून पोलादी टेप काढला, हळूहळू खाली सोडला, पाण्याला टेकल्यावर वाकून आकडा वाचला आणि जराशी थबकली. "तीस फूट."

शोभाबाईंनी दोन्ही मापं पुन्हा घ्यायला लावली. दोर म्हणाला छत्तीस, टेप म्हणाला तीस.

"सुती दोर आहे ना मॅडम? भिजून आटला असेल," आभा हसत म्हणाली. "तेवढं चालायचंच. मला फक्त फोटो हवा होता." तिने खुशीचा दोरासकट फोटो काढला, शोभाबाईंचा रजिस्टरासकट काढला आणि साडेअकराच्या गाडीसाठी पळाली. जाता जाता ओरडली, "शनिवारी भेटू! अकराला तुमचं भाषण आहे, विसरू नका!"

विसरतायत कसल्या! महिनाभर शोभाबाईंना दुसरं काही सुचत नव्हतं.

महागाव तालुक्यातल्या सावरगव्हाणच्या शाळेत शोभा पांढरीपांडे गणित शिकवायच्या. पुसदहून रोज येऊन-जाऊन. शहाण्णव साली एकदा फळ्यावर त्यांनी पुस्तकातलं गणित घातलं होतं, 'एका हौदाला दोन नळ आहेत', आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, "बाई, नळ कसा राह्यते?" गावात नळ नव्हताच. बाईंनी खडू ठेवला, वर्ग उठवला आणि शाळेला लागून असलेल्या वावरातल्या विहिरीवर नेला. लाकडी फूटपट्टीने मोजून दोराला फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला लोखंडी नट बांधला आणि कठड्यापासून पाणी किती खोल आहे ते मोजलं. तेव्हापासून दर सोमवारी माप. अकरा वर्षांत चारशेच्या आसपास नोंदी झाल्या. बेरीज, वजाबाकी, सरासरी, आलेख, सगळं गणित पोरं त्या विहिरीतून शेंदून काढत. केंद्रप्रमुख म्हणायचे, "बाई, अभ्यासक्रमात विहीर कुठं आहे?" बाई म्हणायच्या, "अभ्यासक्रमात नसेल, वावरात आहे."

त्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्यात वही घेऊन येणाऱ्यांना तोटा नव्हता. कापसाची दैना साऱ्या देशाला कळली होती. समित्या यायच्या, वर्तमानपत्रवाले यायचे आणि किती मेले ते विचारून जायचे. आभा आली तेव्हा गावाला वाटलं, ही त्यातलीच. पण तिने विचारलं, "इथली मुलं काय मोजतात?" शाश्वत विकास आणि शाळेतलं गणित असा काहीसा तिचा संशोधनाचा विषय होता. शोभाबाईंनी कापडी बांधणीचं रजिस्टर पुढे केलं आणि ती पोरगी पडवीत बसून दिवसभर ते वाचतच राहिली. बाईंना ती तिथेच आवडली.

रजिस्टरात तिला एक खजिना सापडला होता. दर फेब्रुवारीचं माप पाहिलं तर शहाण्णवला पाणी सव्वीस फुटांवर, दोन हजार तीनला साडेसत्तावीसवर आणि पुढच्याच फेब्रुवारीत एकदम साडेतेहतीसवर! आलेखात तिथे चक्क कडा तुटल्यासारखा दिसायचा. आभाचे मार्गदर्शक सर हरखून गेले होते. सावरगव्हाणच्या पोरांनी पाण्याचं संकट सरकारच्या आधी पकडलं, असं ते म्हणाले. तो आलेख शनिवारच्या परिसंवादाच्या पत्रिकेवर छापला होता. पंधरा मिनिटं शोभाबाईंची होती.

शोभाबाईंना विद्यापीठाचं अप्रूप असण्याला कारण होतं. बी.एस्सी.ला त्या गणितात कॉलेजातून पहिल्या आल्या होत्या. पण त्यांचे वडील पुसदच्या कोर्टात कारकून, मागे तीन बहिणी. "एवढं गणित करून कुठं जाणार आहेस?" असं म्हणून त्यांनी डी.एड.चा फॉर्म आणून ठेवला. तेहतीस वर्षं झाली त्याला. जूनमध्ये निवृत्ती होती. त्याआधी एकदा, एकदाच, त्या मोठ्या सभागृहात उभं राहायला मिळणार होतं. कपाटातली इरकली साडी काढून त्यांनी दोनदा उन्हात घातली होती.

पण आटला म्हटलं तरी सहा फूट? तो आकडा काही मनातून जाईना. जेवणाची सुट्टी संपल्यावर त्या बेबीताईंकडे गेल्या. बेबीताई शाळेची खिचडी शिजवायच्या, आणि विहीर त्यांच्याच वावरातली. दोर सांभाळायचं कामही पहिल्यापासून त्यांच्याकडेच.

"बेबीताई, हा दोर सुरुवातीपासूनचाच ना हो?"

"नाई बाई. पयला सडला ना." बेबीताई पातेलं घासता घासता म्हणाल्या. "आमच्या मंगलाचं लगन झालं पहा, त्याच्या आंधीच्या दिवाळीत तुटला."

मंगलाच्या लग्नात शोभाबाई जेवून आल्या होत्या. दोन हजार चारचा मे महिना.

"मग?"

"मंग काय? शाळेले सुट्या, दाराले कुलूप. म्या म्हटलं, बाई येतीन अन् सोमवारी दोर नाई दिसला तं जीव खालीवर होईन त्याइचा. म्याच वळला मंग. घरचा कापूस, तीन पदरी. आहे ना मजबूत?"

"आणि गाठी कशा मारल्या? फूटपट्टी तर आत कपाटात होती."

"फूटपट्टी कायले लागते?" बेबीताईंना हसू आलं. "माहा बाप जिंदगीभर विहिरी खंदत राह्यला. तो मने, एक वीत अन् वर चार बोटं, झाला फूट. त्याचं माप कधी चुकलं नाई, बाई. पाच-पन्नास विहिरी खंदल्या त्यानं." आणि त्यांनी पातेल्याच्या काठावर आपला पंजा फाकून ठेवला, त्याच्या पुढे चार बोटं आडवी टेकवली. "हे असं."

शोभाबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. रोजची खिचडी त्या हाताची, पण हात कधी पाहिला नव्हता. राकट होता खरा, पण लहान, दहा वर्षांच्या मुलीचा असावा तेवढाच. त्यांनी खुशीकडून फूटपट्टी मागवली. वीत साडेसात इंच. चार बोटं अडीच इंच. दहा इंच झाले.

"बरोबर हाय ना, बाई?"

"बरोबर आहे," शोभाबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? बापाच्या हाताला ते माप अगदी बरोबर असणार.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दरवर्षी तिसरीच्या वर्गात त्या एक धडा शिकवायच्या. पोरांना आपापल्या वितीने टेबल मोजायला लावायचं, कुणाच्या आठ भरतात, कुणाच्या दहा, मग पोरं हसतात आणि मग सांगायचं, म्हणून फूटपट्टी. तेहतीस वर्षं शिकवला तो धडा, आणि तीन वर्षं दर सोमवारी तोच त्यांच्या डोळ्यांदेखत विहिरीत उतरत होता.

परतीच्या बसमध्ये त्यांनी कागदही घेतला नाही. दहा इंचांचा फूट, म्हणजे प्रत्येक माप पाच षष्ठांश करायचं. छत्तीसचे तीस. टेप खरा होता. साडेतेहतीसचे अठ्ठावीसला जरा कमी. साडेसत्तावीसनंतर अठ्ठावीस! संपलं. कडा कुठे नव्हताच. पाणी एका वर्षात कोसळलं नव्हतं. ते सरासरी वर्षाला चार-साडेचार इंच, कुणाच्या ध्यानातही येणार नाही असं, अकरा वर्षं खाली सरकत होतं. गणित सुटलं आणि शोभाबाईंना रडू आलं. शेजारच्या बाईने विचारलं, "बरं नाही का वाटत?"

घरी श्रीकृष्णरावांनी सगळं ऐकून घेतलं. तहसील कचेरीत जन्म काढलेला माणूस, शिवाय बायकोचं भाषण असल्याचं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं.

"हे कोणाकोणाला ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"मला. आणि आता तुम्हाला."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. पाणी खाली गेलंय हे तर खोटं नाही ना? तू तेहतीस वर्षं खडू खाल्लास, शोभा. पंधरा मिनिटं तुझ्या वाट्याला आलीत, ती घे."

त्यांचं चुकलं असं शोभाबाईंना वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनाही तेच हवं होतं. सकाळी त्या निघाल्या त्या गप्प बसायचं ठरवूनच. पण पहिल्या तासाला हजेरी संपली आणि खुशीने हात वर केला.

"बाई, त्या ताईचा टेप खोटा होता काय?"

शोभाबाईंनी हजेरीपट मिटला.

"काहून की आमी तं गाठी बरोबर मोजल्या, दोनदा मोजल्या. मंग टेपच खोटा असन ना?"

सारा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. आता 'हो' म्हटलं की शनिवार वाचत होता. पण गणिताच्या तासाला, फळ्यासमोर उभं राहून, मोजायला आपणच शिकवलेल्या पोरीला खोटं सांगायचं? ते त्यांच्याने होईना.

"टेप खरा आहे, खुशी," त्या म्हणाल्या. "दोराचं काय झालं ते मी सांगते तुम्हाला. दोन दिवस द्या मला."

संध्याकाळी महागावच्या स्टँडवर उतरून त्यांनी फोनच्या बूथवरून आभाला सगळं सांगितलं.

"मॅडम, पत्रिकेवर तोच आलेख छापलाय. वाटूनही झाल्यात." मग अगदी हळू आवाजात, "आपण नाही बोललो तर?"

"मला खुशीने विचारलंय गं. तिला मी काय सांगू?"

"मी सरांशी बोलते," आभा म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेतून आल्या तेव्हा घरचा फोन वाजत होता. सरांनी सावरगव्हाण वगळलं होतं. एवढ्या घाईत नोंदी तपासून होणार नव्हत्या. अकराच्या जागी दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना घेतलं होतं. "माझा तुमच्यावर राग नाही, मॅडम," आभा म्हणाली. "पण माझ्या प्रबंधातलं एक प्रकरणच गेलं."

"सुधारून पाठवते मी सगळ्या नोंदी."

"पाठवा," आभा म्हणाली. त्या काय कामाच्या, ते दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

शोभाबाईंना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इरकली साडीची घडी त्यांनी पुन्हा कपाटात ठेवली. आयुष्यात कधी न केलेला चहा श्रीकृष्णरावांनी केला, आणि त्यात साखर विसरले.

शनिवारी सकाळची शाळा. पुसदहून विद्यापीठाकडे जाणारी सहाची गाडी सोडून शोभाबाई नेहमीच्या गाडीने सावरगव्हाणला आल्या. पोरांना दोराचं काय झालं ते सांगितलं, रजिस्टर उघडलं, दोन हजार तीनच्या दिवाळीपासूनची पानं पोरांत वाटून दिली आणि फळ्यावर लिहिलं, 'गुणिले पाच, भागिले सहा'. प्रत्येक जुन्या आकड्याशेजारी लाल शाईने नवा. जुना खोडायचा नाही. पोरांच्या पुटपुटण्याने वर्ग भरून गेला. चुलीवर खिचडी ठेवून बेबीताई दारात येऊन उभ्या राहिल्या. गावात काही लपत नाही, त्यांच्या कानावर आलं होतं.

"बाई, माह्यामुळं तुमचं जाणं हुकलं मनतात."

"कोण म्हणतं?"

"सारेच म्हणून राह्यले." त्यांचा चेहरा पडला होता. "मले ठाऊक असतं तं म्या दोराले हातच लावला नसता. बापाचं माप चुकीचं निंगालं काय, बाई?"

"नाही हो. बापाचं माप बापाच्या हाताला बरोबर होतं. तुमचा हात त्यांच्यापेक्षा लहान, एवढंच. आणि तुम्ही दोर वळला नसता ना, तर नंतरची सगळी पानं कोरीच राहिली असती. या, इकडे बसा. हात द्या."

"हात?" बेबीताई घाबरल्या. मग हौदावर जाऊन त्यांनी हात दोनदा धुतला, पदराला पुसला आणि भीत भीत रजिस्टरच्या कोऱ्या पानावर ठेवला. शोभाबाईंनी पेन्सिलीने त्याच्या कडेकडेने रेघ फिरवली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. सगळा वर्ग काम टाकून भोवती गोळा झाला.

"माही चूक लिहून राह्यल्या का, बाई?"

"माप लिहून राह्यली," शोभाबाई म्हणाल्या. तेहतीस वर्षांत वर्गात त्या कधी अशा बोलल्या नव्हत्या. पोरं खुदकन हसली.

खाली काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं आणि खुशीने तिच्या वळणदार अक्षरात लिहून काढलं. 'दिवाळी २००३ पासून या विहिरीचे माप सौ. बेबीताई घनश्याम देवसरकर यांच्या हाताचे आहे. एक वीत आणि चार बोटे म्हणजे दहा इंच.' बेबीताईंनी ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. आपलं नाव आलं तेव्हा दोन्ही वेळा त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला.

शोभाबाईंनी घड्याळात पाहिलं. अकरा वाजले होते.

"चला, चला, हात चालवा," त्या पोरांना म्हणाल्या. "साठ नोंदी राहिल्यात अजून."

बेबीताई खिचडी बघायला गेल्या. दोनदा धुतला तरी हळदीचा हात तो. चित्राच्या आत, तळव्याच्या जागी, कागदाला थोडं पिवळं लागलं होतं. खुशी ते पुसायला खोडरबर घेऊन आली, तर बाईंनी तिला तिच्या पानाकडे परत पाठवलं.