ही खुंटी नव्हे

मित्रांनो, मी शीतगृहाचा एक जुना दरवाजा आहे. वीतभर जाडीचा, अंगाने भारदस्त आणि स्वभावाने जरा कुरकुरा. माझ्या आड सफरचंदांच्या पेट्या महिनोन्‌महिने ताज्या राहतात. आतल्या बाजूला मला एक गोल दांडा आहे. कोणी चुकून कोंडले गेले, तर तो ढकलायचा की मी उघडतो. पण पेट्या उचलून अंग तापले की माणसे आपले जाड कोट त्यावरच टांगत. माझी खुंटी करून टाकली होती! याचे मला फार वाईट वाटे.

तेव्हा आमच्या गारवा करणाऱ्या यंत्रात एक कृत्रिम वायू होता. त्याला वास नव्हता, त्यामुळे तो गळला तरी कोणाला पत्ता लागत नसे. गळलेला वायू वर जाऊन हवा तापवत राहतो, हे कळल्यावर मालकीणबाईंनी त्याऐवजी अमोनिया वायू आणायचे ठरवले. तो निसर्गातही असतो आणि हवा तापवत नाही.

"वहिनी, त्याचा वास नाकातोंडात जातो. माणसं पळतील," त्यांचे धाकटे दीर म्हणाले.

"पळू देत की भावोजी! वास आला तर पळतील तरी."

"आणि पळता नाही आलं तर?"

दुसऱ्याच दिवशी मालकीणबाईंनी यंत्राच्या मिस्त्रींना माझ्यापुढे उभे केले. मिस्त्रींनी कोट उतरवले आणि दांडा ढकलला. तो जाम! गंज खरवडून, तेल घालून त्यांनी मला मोकळे केले, दांड्याला लाल रंग दिला. इतक्या वर्षांत माझी विचारपूस करणारे ते पहिलेच.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अमोनिया आला, आणि थोड्याच दिवसांत लाल दांड्यावर पुन्हा कोट आला. तोही दिरांचाच!

एका दुपारी ते आत पेट्या रचत असताना उग्र वास सुटला. नळीचा सांधा गळत होता. ते धावत आले, पण कोटाची बाही दांड्यामागे अडकली होती. दांडा हलेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, खोकला थांबेना. मी घाबरलो. दरवाजाला स्वतःहून उघडता येत नाही हो!

शेवटी त्यांनी कोट फाडून काढला, दांडा रेटला आणि मी उघडलो. वासाने धावत आलेल्या मालकीणबाईंच्या अंगावरच ते कोसळले.

"वहिनी, वासानं वेळेवर सांगितलं हो," ते धापा टाकत म्हणाले. "अडवलं ते माझ्याच कोटानं."

मिस्त्रींनी सांधा बदलला. दिरांनी स्वतः बाहेरच्या भिंतीत खुंट्या ठोकल्या. पहिल्या खुंटीवर तो फाटका कोट अजून आहे.

मित्रांनो, हवेला जपणारा वायू जरूर आणा. पण त्याआधी दार आतून उघडते का, ते एकदा ढकलून पाहा. आणि कोट भिंतीवर टांगा.