सहावं पोतं

तेल काढून जे उरतं, त्यातलं आमच्या गिरणीत काहीच वाया जात नाही. शेंगांची टरफलं भट्टीत जातात, शेंगदाण्याची पेंड गुरांच्या पोटात आणि एरंडीची पेंड खत म्हणून झाडांच्या मुळाशी. एरंडीची पेंड गुरांना मात्र चुकूनही द्यायची नाही. ते विष आहे.

एरंडी गाळून घाण्याला पुन्हा शेंगदाणा लावला की पहिली पोती खतात टाकायची, कारण आत एरंडी चिकटून राहिलेली असते. डोळ्यांना फरक कळत नाही. किती पोती टाकायची, हे माझं नाक ठरवायचं. मी पेंड मोडून हुंगायचो आणि मान हलवली की पुढची पोती चाऱ्याची. वीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, आणि त्याचा तोराही भरपूर मिरवला.

गेल्या वर्षीच्या तापात मला वास येईनासा झाला. कुणालाच सांगितलं नाही. नाक गेलेल्या माणसाला कोण कामावर ठेवतो? एरवी पाच पोती टाकावी लागायची, म्हणून मी सहाव्याला हुंगल्यासारखं करून मान हलवू लागलो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

या खेपेला एरंडी दुप्पट गाळली होती. तरी मी सहाव्यालाच मान हलवली आणि तेच पोतं ताईकडे पोचवलं. तिचं घर एका गाईच्या दुधावर चालायचं.

चौथ्या दिवशी गाय मेली. मी गेलो तेव्हा ताई तिच्या मानेवर हात ठेवून बसली होती. शेणात रक्त होतं. डॉक्टरांनी पेंडीबद्दल विचारलं, तर ताईने त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. पेंड माझ्या भावाने हुंगलेली आहे, मीच मेलीने कुंपणाचा पाला न बघता टाकला, म्हणाली. मी निर्लज्जासारखा ऐकत बसलो.

मग डोळे पुसत तिने सांगितलं, की उरलेली पेंड सकाळीच शेजारणीच्या वासरांसाठी देऊन टाकली.

"ताई, मला वास येत नाही. वर्ष झालं."

तिने गाईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग हुंगलंस कशाला?"

मी उठून शेजारी पळालो. शेजारीण रिकामं घमेलं धूत होती. वासरांनी चाटूनपुसून खाल्लं म्हणाली, आणि माझे आभार मानले.