सांभाळायला

एलिएतने कॉलरच्या आत नावाची पट्टी धरली आणि सुई टोचली. मिर्लांद बाझील. नाव तिकडचं, आडनाव या घरचं. शाळेचा हा गणवेश तिने शिवायला घेतला तेव्हा पोर अडीच वर्षांची होती. आता ती चार वर्षांची झाली होती आणि गणवेश दोनदा उसवून मोठा करावा लागला होता. दत्तकाचे कागद जागचे हलत नव्हते, पण पोर तिकडे हैतीत आपली वाढतच होती.

"टाके घालतेयस की खिळे ठोकतेयस?" स्वयंपाकघरातून तिचा नवरा फुल्बेर ओरडला. "मान सोलून निघेल पोरीची!"

"तू भाजी चिर."

तो हसला. शाळेची बस चालवणारा हा माणूस रोज साठ पोरं त्यांच्या त्यांच्या घरी सोडायचा आणि रिकाम्या घरी यायचा. अशी सहा वर्षं गेली होती. डॉक्टरांचे दाखले झाले, शेजाऱ्यांच्या जबान्या झाल्या, 'तुम्हाला मूल का हवं' या प्रश्नाला सात वेळा उत्तरं देऊन झाली. पोरीची खोली तीनदा रंगवून झाली.

व्हरांड्यात मादाम कार्पांतिए फाईल उघडून बसल्या होत्या. संस्थेच्या बाई, फ्रान्सहून आलेल्या. ग्वादलुप बेटावर तीन पावसाळे काढले तरी इथल्या क्रेओल बोलीचा एक शब्द जिभेवर चढला नव्हता. ही त्यांची शेवटची फेरी. पलीकडे झुलत्या खुर्चीत मारेन सिदोनी तुरीच्या शेंगा सोलत होती. मारेन म्हणजे एलिएतची धर्ममाता. तिनेच तिला पाचव्या वर्षापासून वाढवलं. वय शहाऐंशी, पण कान शाबूत. "हैतीची पोर आणतायत! इथली काय संपली होती?" असं ती वर्षभर म्हणाली आणि मग गुपचूप पोरीसाठी लोकरीचे मोजे विणून बसली. या उकाड्यात मोजे!

"एवढी एकच ओळ भरायची राहिली आहे," मादाम म्हणाल्या. "जन्मदात्या आईचा निरोप. तिकडच्या अनाथघरातल्या नर्सने तो फोनवर पाठवलाय, तुमच्याही फोनवर आला असेल. पण भाषांतर काही आलं नाही. तुम्हाला कळतं ना? सांगा, मी लिहून घेते."

हैतीची क्रेओल आणि इथली क्रेओल काही सख्ख्या नाहीत, पण चुलत बहिणी नक्कीच. मादामनी बटण दाबलं. फोनमधून आधी कोंबडा आरवला. मग एका बाईने घसा खाकरला.

"मादाम, मी गेर्लीन. मिर्लांदला अंधाराची भीती वाटते, दिवा ठेवत जा. भेंडी खात नाही ती, मारू नका तेवढ्यासाठी. मी तिला तुमच्याकडे सांभाळायला देतेय. शिकवा तिला. आठ-नऊ वर्षांची होऊन चर्चमध्ये पहिलं कम्युनियन झालं की पाठवून द्या, तोवर माझंही काहीतरी बस्तान बसेल. आणि एक जानेवारीला आमच्याकडे भोपळ्याचं सूप असतं, तेवढ्यापुरती तरी दरसाल पाठवत जा. घर पडलंय माझं, पण चूल आहे. देव तुमचं भलं करो."

आत भाजी चिरण्याचा आवाज थांबला.

सांभाळायला. एलिएतला तो शब्द कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या बेटांवर पोरं अशीच दिली जातात, मावशीकडे, धर्ममातेकडे, शाळेजवळ घर असलेल्या कुणाकडेही. दत्तक हा कचेरीतला शब्द. सांभाळायला हा आईचा.

"काय म्हणते?" मादामचं पेन तयार होतं.

"म्हणते, पोरीला अंधाराची भीती वाटते. दिवा ठेवा."

"अगं बाई! आणि?"

"भेंडी आवडत नाही."

"आणि?"

 पोरीच्या खोलीतला मच्छरदाणी लावलेला छोटा पलंग एलिएतच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"आणि म्हणते, सांभाळा."

'मुलीचा नीट सांभाळ व्हावा अशी आईची इच्छा', मादामनी वळणदार अक्षरात लिहिलं. मग खोलीचे फोटो घ्यायला त्या फुल्बेरबरोबर आत गेल्या. जाताना फुल्बेरने बायकोकडे पाहिलं नाही.

"बरं केलंस," मारेन म्हणाली. तिने एक शेंग फोडली. "मीही तुझ्या आईला 'हो हो' म्हणाले होते."

"कशाला हो म्हणालीस?"

"तिलाही कम्युनियनपर्यंतच ठेवायचं होतं तुला. नंतर न्यायला आली, तर मी म्हटलं, पोरगी झोपलीय. मग दर सणाला यायची, रुमालात चार अंडी घेऊन. दर वेळी मी म्हणायचे, झोपलीय." मारेनने दाणे परातीत ओतले. "चार वर्षं आली. मग नाही आली. दमतात गं. तुझं भलंच झालं की नाही?"

एलिएतला ती अंडी आठवली. कोंबडीवाल्याची, असं तिला सांगितलेलं. तुझ्या आईने तुला देऊन टाकलं, हेही सांगितलेलं. ती एकोणीस वर्षांची असताना आई गेली. निरोप आला तेव्हा ती केस विंचरत होती, आणि विंचरतच राहिली. टाकून देणाऱ्या बाईच्या मयताला कोण जातं?

 ओरडावं, परात उधळून द्यावी, असं तिला वाटलं. पण समोर शहाऐंशी वर्षांची म्हातारी होती, जिने तिच्या तापात रात्री जागवल्या होत्या, आणि ती शेंगा सोलत होती.

मादाम निरोप घेऊन निघाल्या. शेजारच्या बैलाने गेटसमोर ठाण मांडलं होतं, म्हणून गाडी खोळंबली. एलिएत अनवाणी धावत गेली आणि तिने काचेवर टकटक केलं.

"काही राहिलं का?"

"मी एक सांगितलं नाही. तिची आई पोर देऊन टाकत नाहीये. सांभाळायला ठेवतेय. तिला परत हवीय ती."

मादामनी स्टिअरिंगवरचे हात काढले.

"तिने न्यायाधीशासमोर अंगठा दिलाय. कागदावर 'कायमचं' असं लिहिलंय."

"अंगठा देणारीला वाचता येतं का?"

 मादामनी पर्समधून पेन काढलं. त्यांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता.

"हे मी लिहिलं तर फाईल थांबेल. पोर त्या अनाथघरातच राहील, एका पलंगावर तिघी. आईजवळ नाही जाणार ती. जाऊ शकत असती, तर आईने तिथे ठेवली असती का? तुम्ही सांगा. लिहू?"

बैलाने शेपटी हलवली. शेजाऱ्याने शिवी हासडून दोर ओढला आणि बैल उठला. रस्ता मोकळा झाला. एलिएतने तोंड उघडलं. दिवा, तिला वाटलं, अंधाराची भीती वाटते तिला. तिने तोंड मिटलं.

 मग पेनाचं टोपण लागल्याचा आवाज झाला.

"बारा तारखेला विमान आहे," त्या म्हणाल्या. "तयारी ठेवा."

एलिएत परत आली तेव्हा फुल्बेर व्हरांड्यात उभा होता, हातात तिचा फोन.

"पुसून टाकू का हे?" त्याने हळूच विचारलं.

"नको."

"ठेवून काय करणार? पोर मोठी होऊन ऐकेल एक दिवस."

"ऐकू दे."

"आणि ती बाई येईल, बरं का," खुर्चीतून मारेन म्हणाली. "समुद्र असला तरी येतात. घाबरायचं नाही. सांगायचं, पोरगी झोपलीय."

 एलिएत खाली बसली. गणवेश मांडीवर घेतला. पट्टीवरचं 'मिर्लांद' शिवून झालं होतं, 'बाझील' अजून सुटं लोंबत होतं. तिने ते तसंच सोडलं, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.