दोन चौकोनांत न मावलेलं उत्तर

मित्रांनो, भरून झालेल्या फॉर्मला सहसा कुणी पुन्हा हातात घेत नाही. मला घेतलं, म्हणून ही हकीकत तुम्हाला सांगता येते आहे. मी मुळात बारा पानांचा, आज अकराच उरली आहेत. डाव्या कोपऱ्यात टाचलेला, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि सातव्या पानावर चहाचा एक गोल डाग. देशातली माणसं कशी राहतात, काय शिकतात, आजारी पडली तर कुठे जातात, हे मोजण्यासाठी सरकारने एक पाहणी केली होती. त्या पाहणीचा मी एक फॉर्म.

छापखान्यात आम्ही आठ हजार भावंडं एकाच आठवड्यात जन्मलो. आमच्यावरचे प्रश्न ठरवायला मोठमोठ्या लोकांच्या अकरा बैठका झाल्या होत्या म्हणे. प्रश्न फार आणि कागद थोडा, म्हणून उत्तरांच्या जागा आखडत्या हाताने दिलेल्या. सातव्या पानावरचा एकेचाळिसावा प्रश्न असा होता: ‘जवळच्या दवाखान्यात पोहोचायला किती मिनिटं लागतात?’ त्याच्यापुढे दोन चौकोन होते. एका चौकोनात एक आकडा. तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

मी एका गणक बाईंच्या वाट्याला आलो. गणक म्हणजे घरोघरी जाऊन आमच्यासारखे फॉर्म भरणारी व्यक्ती. बाई पन्नाशीच्या होत्या, पायात कापडी बूट आणि कानामागे कायम एक पेन्सिल. त्यांना कुठल्याही घरी बसायला सांगितलं की त्या आधी चपला-बूट बाहेर काढत आणि मग घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाशेजारी जाऊन बसत.

माझ्या वाट्याचं घर खाडीच्या पलीकडे होतं. मासेमारांची वस्ती, तीसेक घरं. ओट्यावर एक मावशी जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं, आणि हात एकदाही थांबत नव्हते. पहिले चाळीस प्रश्न सुरळीत पार पडले. मग बाईंनी विचारलं, “मावशी, जवळच्या दवाखान्यात पोहोचायला किती मिनिटं लागतात?”

“कधी जायचंय?”

“म्हणजे?”

“अहो, भरतीला जायचंय की ओहोटीला? भरतीला होडीने गेलं तर पंचवीस मिनिटं. ओहोटीला नुसता गाळ. होडी हलत नाही आणि माणूस मांडीपर्यंत रुततो. मग वरच्या अंगाने वळसा घालून चालत जायचं. सहा तास.”

“मग आजारी माणसाचं काय करता?”

मावशींचे हात तेव्हा पहिल्यांदा थांबले. “आजारी माणसाला भरती बघून आजारी पडता येत नाही ना,” त्या म्हणाल्या. “गेल्या वर्षी माझ्या सुनेला कळा सुरू झाल्या. होडी निम्म्यात गाळात बसली. पाणी यायला चार तास लागले. सून वाचली.”

त्यांनी जाळं पुन्हा अंगठ्यात ताणलं. आत एक तरुण बाई भांडी घासत होती, ती उठून मागच्या दाराने बाहेर गेली. घरात किती मुलं, या प्रश्नाला मावशींनी आधीच ‘एकही नाही’ असं उत्तर दिलं होतं. बाईंनी पान उलटलं नाही. कानामागची पेन्सिल काढून समासात बारीक अक्षरात लिहिलं: ‘भरतीला २५ मि. ओहोटीला होडी बंद, चालत ६ तास. बाळंतीण अडकली होती.’

चौकोन मात्र रिकामेच राहिले. सहा तास म्हणजे तीनशे साठ मिनिटं, आणि चौकोन दोन.

संध्याकाळी बाईंनी मला पर्यवेक्षकांपुढे ठेवलं. ते वाईट नव्हते, थकलेले होते. त्यांच्या टेबलावर माझ्यासारखे दोनशे जण पडलेले. सातव्या पानावरचा चहा त्यांचाच.

“बाई, तीन आकडे दोन चौकोनांत कोंबणार कसे? यंत्र घेत नाही. नव्याण्णव लिहा. सगळ्यात मोठा आकडा तोच.”

“पण साहेब, पुस्तिकेत नव्याण्णव म्हणजे ‘माहीत नाही’. त्या मावशींना चांगलं माहीत आहे.”

“मग पंचवीस लिहू? ते तर धडधडीत खोटं होईल. रिकामं ठेवलं तर फॉर्म परत येईल. तुम्हीच सांगा.”

बाईंनी पुस्तिका मिटली. त्यांनी नव्याण्णव लिहिलं. समासातली पेन्सिल मात्र खोडली नाही.

पुढे एका मोठ्या खोलीत एका मुलीने माझे सगळे आकडे संगणकात भरले. तिला दिवसाला ऐंशी फॉर्म उरकायचे असत. समासात पाहायची तिला ना सवड होती, ना सूचना. तिथून माझी रवानगी तळघरातल्या नोंदखोलीत झाली. सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात, खालून तिसरा, असा मी सात वर्षं पडून होतो.

त्या काळात आमच्या आकड्यांचं फार कौतुक झालं. अहवाल निघाला. ‘देशातला माणूस सरासरी अठरा मिनिटांत दवाखान्यात पोहोचतो’ हे वाक्य भाषणांत गेलं, पाठ्यपुस्तकात गेलं. सरासरी काढताना ‘माहीत नाही’ म्हणणारे वगळायचे, असा रिवाज. मी वगळलेल्यांत होतो. माझ्याबरोबर आणखी तीनशे अकरा.

मग त्याच अठरा मिनिटांच्या जोरावर एक प्रस्ताव आला. खाडीकाठच्या वस्त्यांना आठवड्यातून एकदा भेट देणारी दवाखान्याची बोट होती. दवाखाने इतके जवळ आहेत, तर बोट हवी कशाला? ती बंद करण्यावर टिपण लिहायचं काम एका संशोधक ताईकडे गेलं. ताईला कुठलाही तक्ता उलटा वाचायची खोड होती. आधी तळटीप, मग शेवटची ओळ, आणि सरासरी सगळ्यात शेवटी. तिला दिसलं की ‘माहीत नाही’ म्हणणारे देशभर विखुरलेले नाहीत. ते खाडीकाठी आणि डोंगरात दाटीने बसले आहेत.

ती तिच्या सरांकडे गेली. त्यांचं बोलणं तिने नंतर नोंदखोली सांभाळणाऱ्या काकांना जसंच्या तसं ऐकवलं, म्हणून मला ठाऊक आहे.

“सर, अख्ख्या वस्तीला दवाखाना किती लांब आहे ते माहीत नाही, असं कसं असेल?”

“चार टक्के आहेत गं. सगळीकडे सोडतात. टिपण सोमवारी द्यायचंय.”

“चार टक्के म्हणजे माणसं किती होतात, काढून बघितलं मी. सर, मला मूळ कागद बघायचेत.”

सर टिपणावरची सोमवारची तारीख खोडत म्हणाले, “सापडले तर बघ.”

शोधायला फार अवधी नव्हता. सात वर्षं झाली की फॉर्म लगद्याला जातात. आमची गाडी सोमवारी ठरलेली होती आणि ताई आली गुरुवारी. नोंदखोलीचे काका दर गठ्ठ्यामागे तीनदा शिंकत. “इथे कुणी येत नाही,” ते म्हणाले, “आणि आलं तर स्वच्छतागृह कुठेय ते विचारतं. बोला, किती नंबर?”

“तीनशे बारा.”

काका शिंकायचेच विसरले. मग त्यांनी बाह्या वर केल्या.

दोन दिवसांत त्या दोघांनी आम्हाला दोनशे सत्त्याऐंशी जण शोधून काढले. बाकीच्यांना कसर लागली होती. ताईने मला उघडलं, समास वाचला, आणि जमिनीवरच बसली. मग एकेकाचा समास बघत गेली. ‘पूल वाहून गेला, ५ तास.’ ‘डोंगरावरून खुर्चीत बसवून उतरवतात, अर्धा दिवस.’ दोनशे तीन फॉर्मांवर असं काही ना काही होतं. बाकीच्यांना खरोखरच माहीत नव्हतं. त्यात एक आजोबा होते, त्यांनी ‘मी डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही’ असं ठणकावून सांगितलं होतं.

ताईने माझ्या गणक बाईंना शोधून काढलं. त्या आता निवृत्त झाल्या होत्या. आल्या, चष्मा लावला, आणि म्हणाल्या, “हे माझंच अक्षर.”

“खोडलं कसं नाही तुम्ही?”

“खोडायला कुणी सांगितलं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

पण एवढ्याने भागलं नाही. पाहणी खात्याचे अधिकारी म्हणाले, पेन्सिलीच्या टिपा म्हणजे आकडेवारी नव्हे. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तेव्हा ताई घड्याळ घेऊन निघाली आणि गणक बाईही कापडी बूट घालून तिच्याबरोबर निघाल्या. दोघींनी चाळीस वस्त्यांमध्ये प्रत्यक्ष चालून वेळ मोजला. खाडीचा वळसा पाच तास चाळीस मिनिटांचा भरला. परत आल्या तेव्हा ताईचा एक बूट गाळातच राहिला होता.

मोजमाप हाती आल्यावर सरांनीच दुरुस्तीच्या पत्रावर पहिली सही केली. सरासरी अठरावरून सत्तावीसवर गेली. पण ताईने टिपणात स्पष्ट लिहिलं की सत्तावीस मिनिटं जवळजवळ कुणालाच लागत नाहीत. बहुतेकांना पाव तास लागतो आणि काहींना अर्धा दिवस, तेव्हा त्या काहींचा तक्ता वेगळा वाचावा. बोट बंद झाली नाही. पुढच्या चार वर्षांत अकरा ठिकाणी बाळंतपणाची केंद्रं मागितली गेली, त्यातली चार झाली. बाकीच्यांची फाइल अजून फिरते आहे. झालेल्या चारांत एक माझ्या खाडीच्या पलीकडे आहे. दोन खोल्या, एक परिचारिका.

नव्या फॉर्मवर आता तीन चौकोन आहेत आणि खाली ‘कारण’ लिहायला एक ओळ.

माझी बाकीची भावंडं ठरल्याप्रमाणे सोमवारी लगद्याला गेली. आम्हा सापडलेल्यांना ताईच्या कार्यालयात जागा मिळाली. तिथे जाण्याआधी काकांनी माझं पहिलं पान कापून काढलं, कारण त्यावर नाव-पत्ता असतो, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही असा कडक नियम आहे. नियम चांगला आहे. पण त्यामुळे, आणि घर ठाऊक असलेल्या गणक बाईही त्याच नियमाने बांधलेल्या असल्यामुळे, त्या घराला कधीच कळवता आलं नाही की हे सगळं त्यांच्या ओट्यावरून सुरू झालं. केंद्र उघडलं तेव्हा जाळं विणणाऱ्या मावशींनी कुणाकुणाला दुवा दिला असेल, देव जाणे. त्यात त्यांनी स्वतःला धरलं नसणार, हे मात्र मी खात्रीने सांगतो.

मित्रांनो, उद्या तुमच्या दारात कुणी माझ्यासारखा फॉर्म घेऊन आलं, तर त्यांना बसायला सांगा, पाणी द्या, आणि उत्तर लांबलचक असलं तरी पुरतं सांगा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलं, तर एवढंच करा. ‘थोडेच आहेत, सोडून द्या’ असं कुणी म्हणालं, की सोडण्याआधी जिना उतरून तळघरात जा आणि ते थोडे कोण आहेत ते बघून या.