रक्त येईपर्यंत

तिने चिमट्याने नाकातला काळा पापुद्रा ओढला. तो सहज सुटून आला, रक्ताचा थेंबही आला नाही. शेजारी दुर्बिणीच्या पडद्याकडे बघत उभ्या असलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या पोटात दुखलं. टेबलावरच्या पेशंटची काळजी होतीच, तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. पण हे दुखणं वेगळं होतं.

तीन आठवडे त्यांनी भावाला साध्या सायनसच्या गोळ्या दिल्या होत्या. साखर वाढलीय, गाल बधिर वाटतो, असं तो म्हणाला तेव्हा 'तुला लहानपणापासून कुरकुरायची सवयच' म्हणून हसण्यावारी नेलं. मग ते दोन दिवस परगावी गेले आणि त्यांच्या या विद्यार्थिनीने दुर्बिणीतून पाच मिनिटांत काळा डाग शोधला, तपासणीसाठी तुकडा काढला, संध्याकाळपर्यंत बुरशी आहे म्हणून सांगितलंही. गुरूची विद्या गुरूलाच. नाकाच्या डॉक्टरचं नाक कापलं गेलं ते असं. रिपोर्ट चुकीचा निघावा असं त्यांना क्षणभर वाटलं होतं आणि त्याची लाज अजून गेली नव्हती.

मेलेल्या भागातून रक्त येत नाही. जिवंत भाग लागेपर्यंत कापत जायचं, एवढंच या ऑपरेशनचं गणित. 'सरांच्या ऑपरेशनला रक्त दिसत नाही' अशी ख्याती आयुष्यभर मिरवलेला माणूस आज रक्ताची वाट बघत होता.

"आलं, सर," ती म्हणाली. "डोळ्याखालची भिंत लाल झाली. थांबते आता."

त्यांनी निरखून पाहिलं. रक्त वरच्या कडेवरून ओघळत होतं, भिंतीतून नव्हे. गप्प राहिलं तर दोन दिवसांत तिची चूक सगळ्या हॉस्पिटलला कळली असती. हा विचार त्यांच्या मनात आला, हे खरं.

"पुसून बघ," ते म्हणाले.

तिने पुसलं. खाली हाड पांढरट, कोरडं. तिने आणखी थोडं काढलं आणि मग आतून रक्त पाझरलं.

बाहेर भावजय बाकावरून उठली.

"डोळा?"

"वाचेल असं वाटतंय," विद्यार्थिनी म्हणाली. "मी आधीच थांबत होते. चुकलंच होतं माझं. सरांनी अडवलं."

किती सहज म्हणाली. रिपोर्ट आल्यापासून त्यांना एवढं जमलं नव्हतं. तिचा इतका हेवा त्यांना आजवर कधी वाटला नव्हता.

"दादा, तुम्ही होतात म्हणून..." भावजय त्यांच्या पाया पडायला वाकली.

"बस आधी," ते म्हणाले आणि स्वतःही बाकावर टेकले. "तो पहिल्यांदा माझ्याकडे आला होता ना, तिथपासून सांगतो."